गोदाकाठची राखण : प्रस्तावना

मराठवाड्यातील गेवराई तालुक्याची उत्तर हद्द गोदावरीने आखून दिलेली आहे, आणि दक्षिणेकडून बालाघाटाचे पाणी गोळा करीत येणारी सिंदफणा पुढे माजलगाव तालुक्यात मंजरथला तिलाच जाऊन मिळते. या दोन नद्यांच्या आसपासच्या मुलखात पाऊस सरासरीने साडेसहाशे मिलिमीटरच्या आगेमागे पडतो, तोही दोन-चार वर्षांआड दगा देतो. आणि जमिनीखाली जो काळा पाषाण आहे, त्याच्या भेगांत सापडेल तेवढेच पाणी विहिरीला लागते. अशा मुलखात गोदाकाठची गावे पिढ्यान्‌पिढ्या पाण्याच्या बाबतीत निर्धास्त राहिली, ती काही नदी बारमाही दुथडी वाहत होती म्हणून नव्हे. उन्हाळ्यात धार आटे, ठिकठिकाणी डोह तेवढे उरत, आणि तरीही काठच्या विहिरींना पाणी असे. कारण पात्रातील वाळूच्या जाड थरात पावसाळ्याचे पाणी मुरून राही व तेथून ते संथपणे काठाच्या पोटात झिरपत जाई. प्रस्तुत पुस्तक या वाळूविषयी, तिच्यात राहणाऱ्या पाण्याविषयी, तालुक्यातील पाझर तलाव, ओढे आणि गावतळी यांच्याविषयी, आणि हे सारे राखण्यासाठी येथील सामान्य माणसांनी अर्ज, ठराव, पंचनामे व न्यायालयीन दावे यांच्या द्वारा जी दीर्घ खटपट केली तिच्याविषयी आहे.

ज्याने गोदावरीच्या वाळवंटात झिरा उकरलेला पाहिला नाही, त्याला या पुस्तकातील तळमळीचे कारण कदाचित लवकर कळणार नाही, म्हणून ते येथे थोडे विस्ताराने सांगतो. वैशाखात पात्र वरून कोरडे ठणठणीत दिसते. हातभर वाळू बाजूला सारली की ओल लागते, आणखी वीतभर उकरले की खड्ड्याच्या तळाशी गढूळ पाणी जमू लागते. ते वाटीने उपसून टाकायचे, पुन्हा जमलेले तेही टाकायचे, आणि मग हात आवरून स्वस्थ बसायचे. थोड्या वेळाने जे पाणी वर येते ते इतके निवळ असते की तळातील वाळूचा कण न्‌ कण दिसावा. हे घडते, कारण वाळूच्या कणांमध्ये एकंदर आकारमानाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याएवढी पोकळी असते आणि ओल्या थरात ती पाण्याने भरलेली असते. वाळूच्या व्यवहारात ज्याला एक ब्रास म्हणतात तो शंभर घनफुटांचा, म्हणजे पावणेतीन घनमीटरांहून किंचित अधिक. तेव्हा पाण्याच्या पातळीखालून उपसलेल्या प्रत्येक ब्रासामागे साधारण नऊशे लिटर पाणी साठण्याची जागा पात्रातून कायमची नाहीशी होते. लिलावाच्या कागदांत वाळूची किंमत असते. या जागेची किंमत कोणत्याही रकान्यात मांडलेली नसते.

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. वाळू तर पूर्वीपासून उपसली जात आहे. वाडे, देवळे, घाट याच वाळूने बांधले गेले. मग आजच एवढा आकांत कशासाठी? याचे उत्तर पैठणला आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या बांधाने मराठवाड्याला पाणी दिले. त्याचा उजवा कालवा गेवराईच्या शिवारातून माजलगावच्या जलाशयाकडे जातो, आणि या तालुक्यातील ऊस व कापूस त्यावर पोसला गेला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु धरण जसे पाणी अडवते तसेच वाळूही अडवते. नाशिकपासून पैठणपर्यंतच्या खोऱ्यातून दर पुराबरोबर येणारा गाळ आणि रेती नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, तळाशी बसू लागली, आणि खालच्या पात्रात पूर्वीच्या पुरांनी शतकानुशतके रचलेला साठा तेवढा शिल्लक राहिला. महसूल खात्याचा वाळूपट्ट्यांचा लिलाव मात्र मुदतीमागून मुदत चालूच राहिला, जणू दर पावसाळ्यात पात्र पुन्हा भरून येणारच आहे. माझ्या मते गोदाकाठच्या आजच्या साऱ्या विपत्तीचे मूळ या एका न बदललेल्या गृहीतात आहे: नदी व्याज देईनाशी झाली, तरी सरकारी दप्तर मुद्दलालाच व्याज समजून खर्ची टाकत राहिले. पुढे केनी लावलेले ट्रॅक्टर, पोकलेन व हायवा आले आणि खर्चाचा वेग शतपट झाला. पण हिशेब चुकला होता तो त्याआधीच.

पाण्याच्या रक्षणासाठी लोकांनी उभे राहावे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरांवरून वाहून जाणारी सकस माती, उघडे पडणारे रान आणि पाणी जिरवण्यासाठी घालावयाचे बांध यांचा जो विचार मांडला, तो वाचताना आजचा पाणलोट-विकासाचा कार्यकर्ताही थबकेल. १९२१ साली मुळशी पेट्यातील मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे अग्रणी झाले. तो लढा हरला. पण नदी अडवण्यापूर्वी तिच्या काठच्या माणसाची संमती घ्यावी लागते, हा विचार तेव्हापासून या भूमीत रुजला आणि नर्मदेच्या खोऱ्यापर्यंत जाऊन पोचला. त्यानंतर १९७२ च्या दुष्काळाने एक निराळीच परंपरा निर्माण केली. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायत सुरू करून पाण्याचा वाटा जमिनीच्या मानाने न देता कुटुंबातील माणसांच्या मानाने द्यावा, भूमिहीनासही द्यावा आणि उसाला मुळीच देऊ नये, असा दंडक घातला. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावे त्याच पिढीच्या प्रयत्नांची फळे होत.

या सर्वांमध्ये गेवराईच्या वाचकाने विशेष लक्ष द्यावे असे उदाहरण सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आहे, आणि ते जितके प्रसिद्ध असावयास हवे तितके नाही. येरळा नदीच्या काठी बलवडी आणि तांदूळवाडी या गावांच्या लोकांनी १९८० च्या दशकात पाहिले की पात्रातील वाळू ठेकेदार नेत आहेत आणि विहिरी खोल खोल जात आहेत. मुक्ती संघर्ष चळवळीचे भारत पाटणकर, बलवडीचे संपतराव पवार आणि त्यांचे सहकारी यांनी ठेकेदारांचा उपसा रोखून धरला. आणि मग शासनाकडे अशी मागणी केली की ठरावीक, मोजक्या वाळूच्या विक्रीचा हक्क गावालाच मिळावा, म्हणजे तिच्या पैशातून गाव आपले लहानसे धरण बांधील. तसे ते बांधले गेले. त्याला ‘बळीराजा स्मृती धरण’ असे नाव मिळाले, आणि त्याच्या पाण्याचे वाटप समन्यायाच्या तत्त्वावर ठरले. वाळू कोणाची, किती काढावयाची आणि तिचा पैसा कोठे जावयाचा, हे तिन्ही प्रश्न एकत्र विचारण्याचे धैर्य त्या दोन गावांनी दाखवले. आपल्याकडे हे तीन प्रश्न तीन निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेले असतात.

दुसरा संप्रदाय न्यायालयाचा. मुंबईतील बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपने खारफुटीसाठी, वनशक्ती संस्थेने पाणथळ भूमींच्या भरावाविरुद्ध आणि गोवा फाउंडेशनने खाणींविरुद्ध जे दावे चालवले, त्यांनी जनहित याचिका हे सामान्य नागरिकाच्या हातातील साधन बनवले. वाळूपुरते बोलावयाचे तर सुमैरा अब्दुलाली यांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. २००४ मध्ये किहीमच्या किनाऱ्यावर वाळूउपसा रोखू पाहताना त्यांच्यावर हल्ला झाला, तरी त्या मागे हटल्या नाहीत, आणि त्यांच्या आवाज फाउंडेशनच्या याचिकेवर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील उपशाला मनाई केली. दोनच वर्षांनी, दीपककुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान अशा गौण खनिजाच्या पट्ट्यांनाही पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी आवश्यक ठरवली. मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडून मंजुरी टाळण्याची वाट त्यामुळे, निदान कागदोपत्री, बंद झाली.

परंतु या संप्रदायाचा आधार घेऊ पाहणाऱ्या गेवराईच्या माणसाला एका विचित्र अडचणीस तोंड द्यावे लागते, आणि ती समजून घेतल्याखेरीज पुढील पाने नीट वाचता येणार नाहीत. १९७१ मध्ये इराणातील रामसर येथे पाणथळ भूमींविषयी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराची व्याप्ती पुष्कळ विशाल आहे. नद्या, तळी, दलदली, माणसाने बांधलेले जलाशय, सारे तीत सामावतात. भारत १९८२ मध्ये त्या करारात सामील झाला. आपल्या देशाचे २०१० चे पाणथळविषयक नियम मुख्य नदीपात्र वगळूनही जलाशय व तलाव यांना संरक्षणाच्या कक्षेत घेत होते. २०१७ च्या नव्या नियमांनी मात्र नदीपात्राबरोबरच पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशयही वगळले. आता मराठवाड्याचा विचार करा. येथे निसर्गनिर्मित सरोवरे जवळजवळ नाहीतच. लोणारसारखा अपवाद विदर्भाच्या हद्दीत जातो. येथे आहे ती नदी, आणि माणसाने दुष्काळात खपून बांधलेले पाझर तलाव, साठवण तलाव, बंधारे. ज्या नियमांनी पाण्याचे रक्षण करावयाचे त्यांनीच आमचे सारे पाणी दाराबाहेर ठेवले. आणि यातील विसंगती अशी की महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० च्या आरंभी ज्या नांदूर मधमेश्वरचा गौरव झाला, तोही याच गोदावरीवर, कालव्यांसाठी इंग्रजी अमदानीत बांधलेल्या बंधाऱ्यामुळे निर्माण झालेला जलाशय आहे. तेथे गाळ साचला, वेली-वनस्पती आल्या, पक्षी आले, आणि शतकभरात त्याचे रूपांतर जगन्मान्य पाणथळीत झाले. गेवराईच्या पाझर तलावांना तसे शतक मिळू नये, असे कोणत्या न्यायाने ठरले?

निसर्ग-अभ्यासकांचा संप्रदाय या कामी फार उपयोगी पडला आहे, कारण पक्ष्यांची नोंद हा असा पुरावा आहे की जो कोणत्याही खात्याच्या कृपेवर अवलंबून नसतो. नाथसागर १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला; हिवाळ्यात तेथे चक्रवाक येतात, रोहित येतात. खालच्या पात्रातील नदीसुरय आणि लहान आर्ली उन्हाळ्यात उघड्या वाळूवर, केवळ एका उथळ खळग्यात, वाळूच्याच रंगाची अंडी घालतात. ज्या पुळणीवरून रात्रभर ट्रॅक्टर फिरले तेथे सकाळी काय उरले असेल हे सांगावयास नको. अगदी अलीकडे जायकवाडीच्या जलाशयावर तरंगत्या सौर पटलांचा प्रचंड प्रकल्प योजिला गेला, तेव्हा मासेमारीवर जगणाऱ्या कहार समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. ती २०२४ मध्ये फेटाळली गेली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्याचे नाकारले. सौरऊर्जा देशाला हवी आहे, याविषयी दुमत नाही. तथापि पाण्याच्या पृष्ठभागावर ज्यांचे जाळे पडते त्यांना शेवटी विचारावयाचे, ही रीत मुळशीपासून फारशी बदललेली नाही, हेही तितकेच खरे आहे.

जलनियोजनाच्या अभ्यासकांविषयी येथे थोडक्यातच लिहितो, कारण त्यांचे लेखन मराठीत सहज उपलब्ध आहे. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाचा १९९९ चा अहवाल, एकात्मिक राज्य जल आराखड्याचा प्रदीप पुरंदरे यांनी न्यायालयापर्यंत नेलेला आग्रह, आणि जलयुक्त शिवार अभियानातील नाला-खोलीकरणाच्या अतिरेकाविषयी एच. एम. देसरडा यांनी घेतलेले आक्षेप, हे ज्याला खोऱ्याच्या पातळीवर विचार करावयाचा आहे त्याने वाचलेच पाहिजे.

या पुस्तकाचे वेगळेपण, माझ्या अल्पमतीप्रमाणे, अन्यत्र आहे. पाणथळींच्या नव्या नियमांनी दार लावले तेव्हा तालुक्यातील माणसांनी जुने दप्तर उघडले. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० अन्वये नद्या, नाले, तळी यांचे तळ शासनाच्या मालकीचे आहेत; कलम ४८ अन्वये विनापरवाना उत्खनन करणाऱ्यास बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो आणि वाहन जप्त होऊ शकते. जगपाल सिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालाने गावतळी व गायराने यांवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश सर्व राज्यांना दिलेला आहे. मराठवाड्यापुरती आणखी एक गोष्ट अशी की येथील महसुली कागदपत्रांची परंपरा निजामी अमलातील, हैदराबाद जमीन महसूल कायद्याच्या काळातील असून, १९५४-५५ चे खासरा पत्रक हे त्या जुन्या व्यवस्थेचे आणि आजच्या सातबाराचे सांधे जुळवणारे दस्तऐवज आहे. एखाद्या ओढ्यावर आज प्लॉट पाडलेले दिसतात, सातबारा त्याला बिनशेती म्हणतो. पण खासरा पत्रकात आणि मोजणीच्या नकाशात तेथे नाला दाखवलेला असतो. ही रुजवात घालण्याचे काम रूक्ष आणि वेळखाऊ आहे. ते करणाऱ्यांनी किती उन्हाळे तहसीलच्या ओसरीत काढले, याची कल्पना या लेखांतील कागदपत्रांच्या दाटीवरून वाचकाला येईल.

पंचनाम्याचेच पाहा. नदीपात्रातील खड्ड्याच्या पंचनाम्यात सामान्यतः चतुःसीमा, खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली, त्यावरून काढलेले अंदाजे ब्रास, ‘अज्ञात इसमांनी’ उत्खनन केल्याचा उल्लेख आणि खाली दोन पंचांच्या सह्या असतात. खड्ड्यात पाणी असेल तर खोली अंदाजाने लिहिली जाते, आणि अंदाज नेहमी कमीच असतो. शिवाय पहिला मोठा पूर आला की खड्ड्याच्या कडा ढासळून मोजमापाचा पुरावाच नष्ट होतो. म्हणजे जो पंचनामा मृगापूर्वी झाला नाही तो झालाच नाही असे समजावे. म्हणून येथील कार्यकर्त्यांनी दोरीला दगड बांधून खोली मोजण्याची, त्याच दिवशी काठच्या विहिरींची पाणीपातळी लिहून ठेवण्याची आणि दोन्ही आकडे ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून घेण्याची पद्धत पाडली. वाळूपट्टा लिलावात घालण्यापूर्वी ग्रामसभेचे मत घेण्याची तरतूद राज्याच्या धोरणात वेळोवेळी राहिली आहे. ते मत आकड्यांसह दिले गेले तर वरिष्ठ कचेरीला ते नुसते ‘पाहिले’ असा शेरा मारून बाजूस सारता येत नाही.

नोंदीची ही निष्ठा या भूमीला परकी नाही. याच तालुक्यात, गोदावरीच्या पात्रालगत, महानुभावांचे आत्मतीर्थ पांचाळेश्वर आहे. आणि महानुभाव पंथाने ‘स्थानपोथी’ नावाचा जो ग्रंथ मराठीला दिला, त्यात श्रीचक्रधरांच्या वास्तव्याची स्थाने गाव, देऊळ, दिशा व अंतर यांसह टिपून ठेवलेली आहेत. श्रद्धेने इतके काटेकोर व्हावे, हे मला नेहमी विस्मयकारक वाटत आले आहे. शेजारचे राक्षसभुवन तर इतिहासप्रसिद्धच. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, तो गोदावरीच्या पुराने निजामाचे सैन्य दोन तीरांवर दुभंगले असताना. तसा पूर या पिढीने २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा पाहिला. गोदावरी आणि सिंदफणा या दोन्ही नद्या गेवराईच्या गावांत शिरल्या, खरवडून गेलेल्या जमिनी आणि मेलेली जनावरे मागे ठेवून ओसरल्या. पात्र खोल खणले म्हणजे पूर सामावतो, असा एक समज मोठ्या खात्रीने बोलून दाखवला जातो. परंतु वेड्यावाकड्या खड्ड्यांनी प्रवाहाची दिशा बदलते, काठ तळातून पोखरला जातो, आणि मळीची जमीन ढासळून नदीत जाते. टंचाई आणि पूर ही एकाच पात्राची दोन दुखणी आहेत, हे या पुस्तकातील पूरविषयक लेखांनी जितक्या स्पष्टपणे दाखवले आहे तितके मी अन्यत्र वाचलेले नाही.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे न्यायाने ऐकले पाहिजे. घरकुल मंजूर झालेल्या विधवेला वाळू लागते. शाळेच्या खोलीला, पुलाला, रस्त्याच्या मोरीला लागते. ज्या तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, तेथे रात्री टोपल्या भरून मिळणारी मजुरी ही क्षुल्लक बाब नव्हे. उपसा करणाऱ्या मजुराला चोर ठरवून आणि ठेका चालवणाऱ्याला सन्मानाने खुर्ची देऊन नदी वाचणार नाही. दगड दळून केलेल्या कृत्रिम वाळूचा वापर वाढवण्याचे धोरण शासनाने आता स्वीकारले आहे. ते प्रामाणिकपणे राबवले गेले तर भार हलका होईल, मात्र त्यासाठी जे डोंगर फोडले जातील त्यांच्या पायथ्याच्या झऱ्यांचा हिशेबही कोणीतरी ठेवावा लागेल. संपादकांनी मजुरांची आणि ट्रॅक्टरमालकांची कथनेही या संग्रहात घेतली, आणि त्यांना उत्तर देण्याची घाई केली नाही, याबद्दल मी त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो.

हा ग्रंथ आपण सिद्धांत मांडतो असे म्हणत नाही. एका तालुक्याचे पाणी, त्याची जुनी व नवी दप्तरे, त्याचे पक्षी, विहिरी, ठराव, हरलेले आणि थोडे जिंकलेले दावे, हे सारे एकत्र ठेवून, ज्याला असेच काम आपल्या गावी करावयाचे आहे त्याच्या हाती काही पडावे, एवढाच त्याचा उद्देश आहे. म्हणूनच परिशिष्टात अर्जांचे व ग्रामसभेच्या ठरावांचे नमुने आणि खासरा पत्रकाची नक्कल मागण्याची रीत दिली आहे. कित्येक वाचक पुस्तक तेथूनच उघडतील आणि त्यात काही वावगे नाही.

एक उणीव मात्र राहिली आहे, आणि संपादकांनाही ती जाणवते. नदीची मध्यधार ही जिल्ह्याची हद्द आहे. पलीकडचा काठ पैठण, अंबड आणि घनसावंगी या तालुक्यांत जातो. गेवराईच्या पथकाने धाड घातली की वाहने पाण्यातून पलीकडे जातात, आणि पलीकडच्या पथकाची चाहूल लागली की अलीकडे येतात. खड्डा मात्र दोघांच्या मधोमध असतो आणि त्याचा पंचनामा कोणत्या तहसीलने करावा यावर पत्रव्यवहार चालू राहतो. या संग्रहात केवळ दक्षिण तीराचे कागद आहेत. उत्तर तीरावर शहागडपासून खाली अशीच वहिवाट सांभाळणारी माणसे आहेत, त्यांच्याही पेट्यांत अर्जांच्या पोचपावत्या आणि विहिरींची मापे पडून आहेत. ती या कागदांशेजारी मांडली गेली तर दोन्ही तीरांच्या जिल्हाधिकाऱ्यांपुढे एकच संयुक्त पंचनामा ठेवता येईल, आणि संपादकांनी त्यासाठी पलीकडील मंडळींशी बोलणे सुरूही केले आहे.